छापून आलेल्या निबंधात चूक सापडली, तर कोणाला सांगायचं?

निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या आणि पीएच.डी. करत असलेल्या एका प्राध्यापिकेचा प्रश्न आहे. त्या लिहितात: "कांदा साठवणुकीवरचा माझा शोधनिबंध गेल्या वर्षी एका त्रैमासिकात छापून आला. त्यावर माझ्यासोबत मार्गदर्शकांचंही नाव आहे. प्रबंधासाठी तोच तक्ता पुन्हा काढताना लक्षात आलं, की चांदवड आणि येवला या दोन तालुक्यांचे रकाने उलटसुलट झालेत. सर म्हणतात, कोण वाचतंय, व्हायवा होईपर्यंत गप्प बसा. दुसऱ्या निबंधावर प्राचार्यांचं नाव घालायचा आग्रह आहे. आणि प्रबंधाचा साम्य-अहवाल १८ टक्के आलाय, म्हणजे सॉफ्टवेअरला तेवढा मजकूर इतर लेखनाशी जुळलेला दिसतोय. कॉलेज रोडवरचा एक डीटीपीवाला तीन हजारांत तो ८ वर आणून देतो म्हणतो. यातलं चालतं काय आणि चालत नाही काय?"

मॅडम, मी चौदा वर्षं नाशिकमधून एका सामाजिक शास्त्रांच्या त्रैमासिकाचं संपादन केलं. शेवटची काही वर्षं महाविद्यालयाच्या शैक्षणिक सचोटी समितीवरही होतो. त्यामुळे तुमचे तिन्ही प्रश्न मला नवे नाहीत. तक्त्याचं आधी घेतो, कारण बाकीचे दोन थांबू शकतात, तो थांबू शकत नाही.

संपादकांना याच आठवड्यात मेल करा. त्याआधी सरांना कळवा. परवानगी मागू नका, फक्त कळवा. निबंधावर त्यांचं नाव आहे, म्हणून त्यांना आधी समजणं हा त्यांचा हक्क आहे. चूक झाकायला लावणं हा मात्र कोणाचाच हक्क नाही. मेल लांबलचक नको. मी संपादक असताना मला जसा आवडला असता तसा मसुदा देतो:

"आपल्या त्रैमासिकाच्या अमुक अंकातील माझ्या निबंधात तक्ता क्रमांक ३ मध्ये चांदवड आणि येवला या रकान्यांची शीर्षकं उलटसुलट झाली आहेत. एक्सेलमधून तक्ता उतरवताना ही चूक माझ्याकडून झाली. दुरुस्त तक्ता आणि मूळ फाइल सोबत जोडली आहे. या दुरुस्तीमुळे दुसरा निष्कर्ष बदलतो, त्याचा सुधारित मजकूर खाली दिला आहे. पुढील अंकात शुद्धिपत्र छापावं आणि संकेतस्थळावरील निबंधाला ते जोडावं, ही विनंती."

यात 'मुद्रणदोष' हा शब्द घालू नका. आपल्याकडे प्रत्येक चूक छापखान्याच्या माथी मारायची जुनी सवय आहे. छापखानेवाला बिचारा भांडायला येत नाही, म्हणून ते चालून जातं.

आता संपादक काय करतील ते सांगतो. शोधपत्रिकांच्या संपादकांनी १९९७ मध्ये इंग्लंडमध्ये एकत्र येऊन 'कोप' नावाची प्रकाशन-नीतीची समिती काढली. आज जगभरातल्या पत्रिका तिच्या मार्गदर्शनावर चालतात, निदान चालतो असं म्हणतात. त्या चौकटीत संपादकाच्या हातात साधारण तीन गोष्टी असतात. चूक प्रामाणिक असेल आणि निबंधाचा गाभा शाबूत असेल, तर शुद्धिपत्र. शंका गंभीर असेल पण चौकशी अपुरी असेल, तर वाचकांना सावध करणारी नोंद. आणि निष्कर्षांवर विसंबताच येत नसेल, तर निबंध मागे घेणं, म्हणजे रिट्रॅक्शन. तुमच्या बाबतीत सगळं एका गोष्टीवर ठरेल. "येवल्यात घट जास्त, म्हणून तिथे कांदाचाळींसाठी मदत आधी द्यावी" अशा धर्तीची शिफारस निबंधात असेल, तर रकाने सुलटे केल्यावर ती चांदवडकडे वळते. मग संपादक कदाचित म्हणतील, निबंध मागे घ्या आणि दुरुस्त करून पुन्हा द्या. तसं म्हणाले तर घाबरू नका.

घाबरण्याचं कारण मला माहीत आहे. 'रिट्रॅक्शन' म्हटलं की लोकांना ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड आठवतो. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध सुचवणारा त्याचा निबंध 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेने १९९८ मध्ये छापला. अवघ्या १२ मुलांवरचा तो अभ्यास मागे घ्यायला २०१० साल उजाडलं. तेवढ्या काळात लसीवरचा लोकांचा विश्वास डळमळला तो डळमळलाच. पण दुसरं टोकही आहे. फ्रान्सिस अर्नोल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पुढच्याच वर्षी 'सायन्स'मध्ये आलेला त्यांचा एक निबंध पुन्हा करून पाहताना जमेना, आणि प्रयोगवहीतल्या काही नोंदी गायब निघाल्या. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की निबंध मागे घेत आहोत. त्या काळात कामाच्या गर्दीत आपण नीट लक्ष दिलं नाही, हेही सांगून टाकलं. त्यांचं नोबेल कोणी परत मागितलं नाही. तुमच्या व्हायवालाही कोणी काही काढून घेणार नाही.

"कोण वाचतंय?" हा प्रश्न मात्र मी हसण्यावारी नेत नाही, कारण तो मी स्वतः एकदा स्वतःला विचारला होता. संपादक म्हणून माझं सातवं वर्ष असेल. रोजगार हमी योजनेवरचा एक निबंध आम्ही छापला. लेखक ज्येष्ठ, माझ्या ओळखीचे. महिन्याभराने मालेगावच्या एका वाचकाचा जाड लिफाफा आला. आत एका इंग्रजी लेखाच्या झेरॉक्स होत्या आणि आमच्या निबंधाची पानं होती. दोन्हींवर लाल पेनाने परिच्छेदांना क्रमांक टाकलेले: इथला एक तो तिथला एक, इथला दोन तो तिथला दोन. असे अकरा परिच्छेद. आमचा 'निबंध' म्हणजे सरळ भाषांतर होतं, आणि मूळ लेखकाचं नाव संदर्भसूचीतसुद्धा नव्हतं. मी लिफाफा ड्रॉवरमध्ये ठेवला. आधी लेखकांशी बोलू म्हटलं, मग दिवाळी आली, मग पुढच्या अंकाची गडबड. दोन अंक निघून गेले. तेवढ्यात एम.ए.च्या एका मुलीने आपल्या लघुप्रबंधात त्याच निबंधाचा हवाला दिला, तो नेमका माझ्यापुढे तपासायला आला, तेव्हा मी ड्रॉवर उघडला.

तिसऱ्या अंकात निबंध मागे घेतल्याची सूचना छापली. पण छापील अंकाची गोम अशी, की जुना अंक ज्याच्या हातात पडतो त्याला नवी सूचना दिसत नाही. म्हणून सूचनेच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि नाशिकमधल्या ज्या ज्या ग्रंथालयांत आमचा अंक जायचा तिथे जाऊन निबंधाच्या पहिल्या पानावर डिंकाने चिकटवल्या. एका ग्रंथपालबाईंनी विचारलं, सर, हे तुम्ही स्वतः का करताय? मी म्हटलं, सहा महिने उशीर मीच केलाय. लेखकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आजही समोर आले की रस्ता ओलांडतात.

त्या प्रकरणातून टक्क्यांबद्दलही एक गोष्ट लक्षात आली. तो निबंध कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये घातला असता, तर साम्य जवळपास शून्य आलं असतं. इंग्रजीतून मराठीत आणलेली चोरी शब्द जुळवणाऱ्या यंत्राला सहसा दिसत नाही. तुमचे १८ टक्के आणि डीटीपीवाल्याचे ८ टक्के यांच्याकडे हे ध्यानात ठेवून बघा.

नियम काय म्हणतो ते सांगतो. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंधाची नियमावली २०१८ ची आहे. तिच्यात प्रबंधासाठी चार पायऱ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. ४० ते ६० असेल तर वर्षभर दुरुस्त प्रबंध देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. छापून आलेल्या निबंधांसाठी शिक्षकांना निबंध मागे घ्यावा लागतो आणि वरच्या पायऱ्यांवर वेतनवाढ रोखली जाते. नव्या विद्यार्थ्यांचं मार्गदर्शनही काही वर्षं बंद होतं.

पण हा हिशेब कच्च्या आकड्यावर करायचा नसतो. योग्य हवाला देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमं, प्रमाण सूत्रं हे सगळं वगळायचं असतं. सलग १४ शब्दांपर्यंतचं सर्वसामान्य किंवा योगायोगाचं साम्यही. "महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम" हे नाव तुमच्या प्रबंधात शंभरदा आलं असेल. ते दर वेळी नव्या शब्दांत लिहिणार आहात का? तेव्हा अहवालाचा नुसता शेवटचा आकडा पाहू नका, रंगीत पानं उघडून ओळ न् ओळ बघा. माझा अंदाज, १८ मधले काही टक्के तुमच्याच छापील निबंधाशी जुळत असतील. ते लपवायचे नसतात, जाहीर करायचे असतात. आपलंच जुनं लेखन न सांगता पुन्हा नवं म्हणून वापरू नये, असं यूजीसीने एप्रिल २०२० मध्ये वेगळं पत्रक काढून बजावलं आहे. "या प्रकरणाचा काही भाग अमुक त्रैमासिकात प्रसिद्ध झाला आहे" ही ओळ प्रस्तावनेत आणि त्या प्रकरणाच्या सुरुवातीला हवी. उरलेलं साम्य बहुतेक पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात सापडेल. तिथेच सगळे घसरतात, कारण तो भाग समोर पुस्तक उघडं ठेवून लिहिला जातो. पुस्तक वाचा, टिपणं काढा, पुस्तक बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त टिपणांवरून लिहा. जे वाक्य मूळ शब्दांतच हवं ते अवतरणचिन्हांत टाका, पृष्ठ क्रमांकासकट.

डीटीपीवाला काय करतो तेही ऐका. आमच्या समितीपुढे असा 'कमी करून आणलेला' एक प्रबंध आला होता. त्यात 'बाजार समिती'चं 'हाट मंडळ' झालं होतं, 'दरडोई उत्पन्न' होतं 'प्रतिमस्तक कमाई', आणि 'अल्पभूधारक शेतकरी' बनले होते 'लघुभूमी कृषीवल'. विद्यार्थ्याला विचारलं, हाट मंडळ म्हणजे काय? त्याला सांगता येईना. स्वतःच्या प्रबंधातले शब्द त्याला परके झाले होते. इंग्रजीतही हाच प्रकार इतका बोकाळला, की २०२१ मध्ये फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गिय्योम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे पिळवटलेले शब्दप्रयोग शोधून काढायची पद्धतच उभी केली. कृत्रिम बुद्धिमत्तेला 'बनावट जाणीव' म्हणणारे निबंध चांगल्या प्रकाशकांच्या पत्रिकांत सापडले. डीटीपीवाला तुमचा आकडा खाली आणेलही, पण पुरावा मात्र तयार करून ठेवेल. तीन हजार रुपये वर.

मराठी प्रबंधांची आणखी एक गंमत. एकदा समितीपुढे २ टक्क्यांचा अहवाल आला. सगळे खूश. मला मात्र तो आढावा कुठेतरी वाचल्यासारखा वाटत होता. फाइल मागवून मजकूर कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला, तर मराठी गायब. रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं, नुसता गिचमिड काला. प्रबंध युनिकोडमध्ये नव्हताच, जुन्या श्रीलिपी फाँटमध्ये टाइप केलेला होता. डोळ्यांना मराठी दिसत होतं, सॉफ्टवेअरला अक्षरांचा भुसा दिसत होता, आणि भुसा कशाशी जुळणार? युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर आकडा कुठल्या कुठे गेला. विद्यार्थ्याने मुद्दाम केलं होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या टायपिस्टकडे तोच फाँट होता. पण तेव्हापासून मराठी प्रबंधाचा एक आकडी अहवाल दिसला की मी आधी फाँट विचारतो.

प्राचार्यांच्या नावाकडे येतो. इथे नियम समजायला सोपा आहे आणि पाळायला अवघड.

वैद्यकीय पत्रिकांचे काही संपादक १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हरला जमले होते. त्या गटातून पुढे जे निकष तयार झाले, ते आता वैद्यकाबाहेरही मानले जातात. लेखक म्हणवून घ्यायला चार अटी आहेत, आणि चारही पुऱ्या व्हाव्या लागतात. कामाच्या कल्पनेत, आराखड्यात, माहिती गोळा करण्यात किंवा तिच्या विश्लेषणात भरीव वाटा हवा. मसुदा लिहिण्यात किंवा त्यात बौद्धिक सुधारणा करण्यात सहभाग हवा. छापायला जाणाऱ्या अंतिम प्रतीला मान्यता हवी. आणि कामाच्या सगळ्या अंगांबद्दल उत्तर द्यायची तयारी हवी. रजा मंजूर केली, संगणक कक्षाची किल्ली दिली, बाजार समितीला पत्र दिलं, याबद्दल ऋणनिर्देशात आभार मानतात. तेही मनापासून माना.

चौथी अट आपल्याकडे कोणी वाचत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतावर साक्षीदार म्हणून सही करायला कोणी बोलावलं, तर आपण दहादा विचारतो, उद्या कोर्टात बोलावतील का? शोधनिबंधावर नाव घालताना हा विचार कोणाच्या मनात येत नाही. तुमचा उलटा झालेला तक्ताच बघा. त्या निबंधावर प्राचार्यांचं नाव असतं, तर आज शुद्धिपत्राच्या मेलवर त्यांचीही संमती लागली असती. आणि कुठला तक्ता, हे त्यांना आधी समजावून सांगावं लागलं असतं.

नकार द्यायचा कसा, हा खरा प्रश्न आहे. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फायलीवर सही कोणाची असते, नाहरकत पत्र कोण देतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ताठ मानेनं भांडा असा सल्ला मी देणार नाही. एक उपाय बऱ्याचदा चालतो. हल्ली अनेक पत्रिका प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं याचं निवेदन मागतात: संकल्पना कोणाची, माहिती कोणी गोळा केली, विश्लेषण कोणाचं, मसुदा कोणाचा. तो कोरा अर्ज घेऊन जा आणि नम्रपणे विचारा, "सर, तुमच्या नावापुढे काय लिहू?" समंजस माणूस तिथेच हसून सोडून देतो. पत्रिका असा अर्ज मागत नसेल, तर तुम्हीच एक परिच्छेद लिहून सोबत जोडा. तरीही नाव घालावंच लागलं, तर मी तुम्हाला गुन्हेगार म्हणणार नाही. पण कोणी काय केलं याच्या तारखेसह नोंदी जपा. आणि मार्गदर्शकांचं नाव आपोआप पहिलं येतं हा समजही सोडून द्या. मार्गदर्शन ही त्यांची नोकरी आहे. लेखनात वाटा असेल तर नाव, नसेल तर आभार.

याच्या उलटही एक अन्याय असतो, त्याबद्दल कोणी विचारत नाही. चांदवडच्या सर्वेक्षणाला तुमच्यासोबत एम.ए.ची मुलं आली होती का? एप्रिल-मेच्या उन्हात कांद्याच्या चाळींमधून फिरून प्रश्नावल्या त्यांनी भरल्या असतील, आणि वर्गवारी करताना एखादीने काही सुचवलंही असेल. त्यांची नावं कुठे आहेत? प्राचार्यांना जागा द्यायला आपण तयार असतो. जिने काम केलं तिचा 'क्षेत्रकार्यात मदत झाली' एवढाही उल्लेख नसतो.

प्रश्नावल्यांचा विषय निघालाच आहे, तर त्या गठ्ठ्याला जपा. छापलेल्या आकड्यामागे कागद दाखवता आला पाहिजे, ही लेखकाची जबाबदारी व्हायवानंतरही संपत नाही. आकडे घरी बसून भरले जातात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते ओळखूही येतं. कांदा उत्पादकांच्याच एका सर्वेक्षणावरचा निबंध मी परीक्षक म्हणून वाचला होता. सोबत कच्ची आकडेवारी होती. शेतकऱ्यांची वयं बघितली: ४३, ३७, ५२, ४८, ६१, ३४. मला ४० आणि ५० वर्षांची माणसं फारशी दिसेनात. खेड्यात प्रत्यक्ष जाऊन वय विचारलं आहे का कधी? "असंल की चाळीस." "पन्नाशीचा हाय." खऱ्या यादीत वयं शून्यावर आणि पाचावर गोळा होतात. लोकसंख्याशास्त्रात हे जुनंच निरीक्षण आहे. बनवलेल्या यादीत ती छान पसरलेली असतात, कारण लिहिणाऱ्याला ४०, ४५, ५० असं लिहिणं संशयास्पद वाटतं. त्याच निबंधात ३० महिलांच्या गटापैकी '४२ टक्के' महिलांनी एक उत्तर दिलं होतं. ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के, १३ म्हणजे ४३.३. ४२ टक्के बायका आणायच्या कुठून? सरासरी तपासायची अशीच एक युक्ती निक ब्राउन आणि जेम्स हेदर्स यांनी २०१६ मध्ये मांडली. तिला ग्रिम चाचणी म्हणतात. कागद-पेन्सिल पुरते. मी पत्रात एवढंच लिहिलं की कृपया मूळ प्रश्नावल्या दाखवाव्यात. निबंध लेखकाने मागे घेतला, प्रश्नावल्या काही आल्या नाहीत.

ज्यांनी तुम्हाला उत्तरं दिली त्यांचंही देणं लागतं. गावाचं नाव बदललं की ओळख लपली असं आपण समजतो. मग पुढच्या पानावर लिहितो, 'या गावातील पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या एकमेव महिला सरपंच सावकारी कर्जाबद्दल म्हणाल्या'. आता त्या बाईंना तालुक्यात कोण ओळखणार नाही? संमती घेताना तुम्ही काय कबूल केलं होतं ते आठवा आणि असे तपशील पुसून टाका.

कुठे छापायचं, यावर थोडक्यात. यूजीसीच्या मान्य पत्रिकांच्या 'केअर' यादीत नाव आहे म्हणून निर्धास्त राहायचे दिवस गेले. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि पत्रिका पारखायची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर टाकली. पीएच.डी.च्या २०२२ च्या नियमावलीत प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्तीही काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा नियम तेवढा बघून घ्या. म्हणजे 'सात दिवसांत प्रकाशन, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर ७.८, प्रमाणपत्र मोफत' या व्हॉट्सॲपवरच्या जाहिरातीला बळी पडायचं कारण आणखी कमी झालं. आयएसएसएन हा नियतकालिकाचा आठ अंकी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. किराणा दुकानाचा परवाना असला म्हणून तूर डाळ चांगली निघेलच असं नाही. 'सायन्स'साठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ढोबळ चुकांनी भरलेला एक बनावट निबंध ३०४ पत्रिकांना पाठवला, तर १५७ जणांनी तो स्वीकारला. पैसे भरण्याआधी एकच करा: त्या पत्रिकेचा मागचा अंक उघडून तुमच्या विषयातला कुठलाही एक निबंध पूर्ण वाचा. दहा मिनिटांत कळतं.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण संपादक विचारतील. अशा साधनाला लेखक म्हणता येत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही, असं कोपने २०२३ मध्ये स्पष्ट केलंय. भाषा नीट करायला वापरलं असेल तर तसं लिहा. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊ नका. गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत जिल्ह्याच्या शेतीवरचं एक मराठी पुस्तक होतं: लेखक, प्रकाशक, साल, सगळं व्यवस्थित. मला ते हवंसं वाटलं म्हणून सार्वजनिक वाचनालयात चौकशी केली. तिथे नाही. प्रकाशकाला फोन केला, त्याने असं पुस्तक काढलंच नव्हतं. विद्यार्थ्याला विचारलं तर म्हणाला, "सर, ते चॅटजीपीटीनं दिलं होतं." ज्या पुस्तकाचं पान तुम्ही उलटलेलं नाही त्याचा हवाला देऊ नये, हे चॅटजीपीटी यायच्या आधीही तितकंच खरं होतं. दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचललेले संदर्भ आमच्या पिढीनेही पुष्कळ खपवलेत.

राहिला संपादकांचा भाग. तुमच्या मेलला पोच यायला हवी, आणि शुद्धिपत्र केव्हा छापणार हे कळायला हवं. दोन-तीन आठवड्यांत काही आलं नाही तर पुन्हा लिहा, आणि या वेळी संपादक मंडळातल्या आणखी एकाला प्रत पाठवा. काही संपादक असे मेल ड्रॉवरमध्ये ठेवतात, हे मी आधीच कबूल केलंय.

ते छापोत न छापोत, प्रबंधातल्या दुरुस्त तक्त्याखाली तळटीप द्या: "या तक्त्याची आधी प्रसिद्ध झालेली आवृत्ती सदोष होती. तीत दोन तालुक्यांचे रकाने उलटसुलट झाले होते. संपादकांना अमुक तारखेला कळवले आहे." प्रबंध पुढे शोधगंगावर, म्हणजे प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहात, जाईल आणि छापील निबंधाशेजारी ठेवून कोणीही तो ताडून पाहू शकेल. त्या माणसाला फरक का आहे ते तिथल्या तिथे दिसू द्या. व्हायवाला जाताना प्रश्नावल्यांचा गठ्ठा सोबत न्या. आणि रकान्यांची शीर्षकं या वेळी दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्या. सरांकडूनच घेतलीत तर उत्तम, नाव त्यांचंही आहे.